अर्ध्या इंचाची रायफल

माझ्या नवऱ्याने रायफल निवडायला पाच महिने घेतले. मला निवडायला त्याला चाळीस मिनिटं लागली होती, आणि त्यातली पंधरा कांदेपोहे खाण्यात गेली होती. हे मी त्याला त्या पाच महिन्यांत निदान वीस वेळा ऐकवलं असेल. सुरुवातीला तो हसायचा.

२०१३ सालची गोष्ट आहे. आम्ही ऑकलंडच्या फ्लॅट बुशमध्ये राहायचो. मी एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायचे. मुलगी पंधरा वर्षांची होती, तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्लिशमध्येच यायचं. नवरा एका कारखान्यात मोजमापाच्या खात्यात होता. यंत्रांचे सुटे भाग तयार झाले की ते बरोबर मापाचे आहेत की नाही हे तो तपासायचा. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी चूक असली तरी तो तो भाग परत पाठवायचा. घरीसुद्धा तेच. माझ्या पोळ्या गोल नाहीत हे त्याने लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून तो स्वतःच्या पोळ्या स्वतः लाटतो.

त्या वर्षी मार्चमध्ये कारखान्याने ते खातंच बंद केलं. अकरा वर्षांनंतर हातात एक केकचा तुकडा आणि सगळ्यांच्या सह्या असलेलं कार्ड घेऊन तो घरी आला. आम्ही कुणाला सांगितलं नाही. आपल्या लोकांत कुणाची नोकरी गेली की कशी बातमी पसरते ते मला माहीत होतं. शनिवारी पापाटोएटोला भाजी घ्यायला गेलं की कोथिंबिरीच्या गड्डीबरोबर चार सल्ले फुकट मिळतात. म्हणून मीच ठरवलं, की सांगायचं, तो आता कॉन्ट्रॅक्टवर कामं घेतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन बाहेर पडायचा आणि लायब्ररीत जाऊन बसायचा. हे माझंच डोकं होतं, हे आधीच सांगून टाकते.

जूनपर्यंत तो बोलायचा बंद झाला. भांडण नाही, चिडचिड नाही. विचारलं तर "ठीक आहे" म्हणायचा. गाडी दारात लावून अर्धा अर्धा तास आतच बसून राहायचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवलेले, इंजिन बंद, आणि नजर समोरच्या घराच्या कुंपणावर.

मग एका रविवारी कारखान्यातला त्याचा जुना सोबती त्याला घेऊन गेला. हा साठीतला गोरा माणूस, निवृत्तीला आलेला. त्याच्या भावाचं पापाकुराच्या पुढे शेत होतं आणि तिथे सशांनी उच्छाद मांडला होता. गवत खातात, बिळं करतात, गुरांचे पाय मोडतात. त्या दोघांनी टेकडीवर पालथं पडून दिवसभर ससे टिपले. लायसन्सवाला माणूस शेजारी असला की दुसऱ्याला रायफल चालवता येते म्हणे. संध्याकाळी नवरा घरी आला तो गाल लाल, कोपरांना चिखल. तीन भाकऱ्या खाल्ल्या. आणि बोलायला लागला! तीनशे मीटरवरचा ससा म्हणजे किती लहान दिसतो, वारा दहा किलोमीटरने आडवा वाहत असेल तर गोळी वीतभर सरकते, आणि तो म्हातारा नुसतं गवत बघून वारा कसा ओळखतो. मी भाकरी थापत उभी होते आणि मला रडू येत होतं, आनंदाने.

"मला एक रायफल घ्यायची आहे," तो म्हणाला.

"घे की," मी म्हटलं. तेव्हा मी मागचापुढचा काहीही विचार केला नव्हता.

मग आमच्या जेवणाच्या टेबलाचा ताबा कागदांनी घेतला. नवऱ्याची अट एकच होती. शंभर यार्डांवरून पाच गोळ्या झाडल्या तर पाचही भोकं अर्ध्या इंचाच्या आत पडली पाहिजेत. पाच, तीन नाही. "तीन गोळ्या कुणाच्याही नशिबाने जवळ पडतात," तो मला सांगायचा. "तीन गोळ्यांवरून रायफल चांगली म्हणणं म्हणजे एका रिपोर्टवरून पेशंट बरा म्हणणं." हे मला माझ्या भाषेत सांगितल्यामुळे लगेच पटलं.

कुठलं काडतूस, कुठली नळी, याचा त्याने एक तक्ता केला. टू-टू-थ्रीचं काडतूस सगळीकडे मिळतं, धक्का कमी, पण वाऱ्यात हलकं. ट्वेंटी-टू टू-फिफ्टी जास्त वेगाने जातं, सरळ जातं, पण नळी लवकर झिजते. टू-फोर-थ्री वाऱ्याला दाद देत नाही, पण सशासाठी म्हणजे डासासाठी कुऱ्हाड. नळी जाड हवी, कारण बारीक नळी चार गोळ्यांत तापते आणि पाचवी भलतीकडे जाते. पण जाड नळी जड, ती टेकडीवर कोण वाहणार? नळी दस्त्याला पुढे कुठेही टेकता कामा नये. मधून कागदाची घडी सरकवून बघायची, अडली की रायफल बाद. नळीच्या आतले आटे किती इंचांत एक फेरा घेतात यावर तो एकदा पूर्ण जेवणभर बोलला. दुर्बीण तर रायफलपेक्षा महाग निघाली. मी म्हटलं, "नाकापेक्षा मोती जड." तो गंभीरपणे म्हणाला, "अगं, जे दिसत नाही ते मारता येत नाही."

मुलगी एकदा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मम, ही इज ओन्ली हॅपी व्हेन ही टॉक्स अबाउट द गन. इट्स क्रीपी." मी तिलाच ओरडले. बापाबद्दल असं बोलतात का, म्हटलं. ती खांदे उडवून निघून गेली.

पण ती बोलली आणि माझ्या डोळ्यावरची झापड उतरली. कारण इतर गोष्टीही चालू होत्या, मी त्यांना नाव देत नव्हते एवढंच. त्याने एका वहीत सगळे पासवर्ड लिहून काढले आणि वही माझ्या कपाटात ठेवली. गरम पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व कसा बंद करायचा ते मला दोनदा शिकवलं. भावाशी त्याचं सहा वर्षं बोलणं नव्हतं, त्याला आपणहून फोन केला आणि "जाऊ दे, माझंच चुकलं" म्हणाला. त्याची मापं घ्यायची साधनं, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर, जर्मनीची, ज्यांना मी फडकं लावलेलं त्याला चालायचं नाही, ती त्याने त्या म्हाताऱ्या सोबत्याला देऊन टाकली. का दिलीस म्हटलं, तर म्हणाला, "मला काय करायचीत आता?" आणि एकदा, मी फ्रिजमधून दही काढत असताना, अगदी सहज म्हणाला, "तुमच्या दोघींचं माझ्यावाचून काही अडणार नाही. तू खंबीर आहेस."

माझ्या हातातलं दह्याचं भांडं गार होतं की माझे हात, कळेना. "डोंबल खंबीर!" मी म्हटलं. "बाहेर कचऱ्याचे डबे कोण ठेवणार?" तो हसला आणि डबे ठेवून आला.

मन चिंती ते वैरी न चिंती. मी स्वतःला समजावलं की मी मूर्ख आहे. माणूस नीटनेटका आहे, वही लिहिणारच. भावाशी गोड झालं तर चांगलंच की. आणि रायफलीचं म्हणशील तर त्या कागदांमुळेच तो सकाळी उठत होता. ते काढून घेतलं असतं तर उरलं काय असतं? पण ज्या दिवशी निवड संपेल, त्या दिवशी वस्तू घरात येईल. आणि मग त्याच्याकडे करायला काही उरणार नाही, फक्त ती असेल. हा विचार मला लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला असताना यायचा आणि मग मला पेशी पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागायच्या.

म्हणून मी एक उद्योग सुरू केला. निवड संपूच द्यायची नाही. जेवणाच्या सुट्टीत मी शिकाऱ्यांच्या वेबसाइटवर जाऊन वाचायचे आणि रोज एक नवी शंका घेऊन घरी यायचे. "अरे, पाच गोळ्यांचा ग्रुप तरी पुरेसा आहे का? दहाचा का नाही?" "तू लाकडी दस्ता म्हणतोस, पण इथली हवा दमट, लाकूड फुगलं तर नळीला टेकेल ना?" "ट्रिगर इतका हलका चांगला का?" तो चमकून बघायचा, मग खूश व्हायचा आणि तक्त्याला एक रकाना वाढवायचा. आठ दिवस निघायचे. लॅबमधल्या माझ्या मैत्रिणींना वाटायचं मलाच शिकारीचं वेड लागलंय. नवऱ्याला रायफलीपासून लांब ठेवायला मी रायफलीच्याच गप्पा मारत होते, आणि त्या गप्पांत आम्ही कित्येक वर्षांत बोललो नव्हतो इतकं बोलत होतो. ऑक्टोबरपर्यंत मी हे रेटलं.

मधल्या काळात लायसन्सचा अर्ज पुढे सरकला होता. लेखी परीक्षेत त्याला एकही चूक नव्हती, होणारही नव्हती. शेवटची पायरी म्हणजे घरी येऊन चौकशी. पोलिसांच्या वतीने एक बाई येते, बंदुकीचं कपाट भिंतीला बोल्टने पक्कं बसवलंय का ते बघते, अर्जदाराशी बोलते, आणि मग घरच्या माणसाशी एकटीने बोलते. शनिवारी सकाळी अकराला येणार होती. आणि मी काय केलं असेल? पोहे केले. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. बाहेरचं माणूस घरी येणार म्हटल्यावर माझे हात आपोआप पोह्यांकडे वळले. चांगला कुडता घातला. मुलीला तिची खोली आवरायला लावली. जणू मुलगी बघायलाच कुणी येणार होतं.

बाई पन्नाशीची, साधी, पायात सपाट बूट, हातात फाईल. "किया ओरा," म्हणाली, म्हणजे माओरीतला नमस्कार. पोहे तिने आवडीने खाल्ले. नवऱ्याशी तासभर बोलून झाल्यावर तिने त्याला बागेत पाठवलं आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"घरात बंदूक येणार, तुला चालेल?" तिने विचारलं.

"हो."

"त्यांची नोकरी कशी चाललीये?"

"कॉन्ट्रॅक्टवर कामं करतो. हीप्स ऑफ वर्क." जिभेवर इतकं बसलं होतं की विचार करावाच लागला नाही.

तिने लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं. "मागच्या वर्षभरात ते कधी खूप खचलेत, गप्प झालेत, असं वाटलं? तुला कधी त्यांची काळजी वाटली?"

खिडकीतून मला तो दिसत होता. गुलाबाच्या कुंडीपाशी पाठमोरा उभा होता, हात मागे बांधून. इस्त्रीचा शर्ट. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, तारखेवार. आणि मला एवढंच सुचत होतं की परक्या बाईसमोर, तिच्या फाईलमध्ये, आपल्या नवऱ्याला कमीपणा कसा आणायचा? त्याला कळलं तर? आधीच कारखान्याने नको म्हटलंय, आता बायकोनेही नको म्हणायचं?

"नाही," मी म्हटलं. "ही इज स्वीट अ‍ॅज." म्हणजे इथल्या बोलीत, एकदम मजेत.

बाईने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी तिला आणखी पोहे वाढले. ती थँक यू म्हणाली. एवढी मोठी लाज मला आयुष्यात कशाची वाटलेली नाही, आणि ती वाटायला मला पुढचे तीन आठवडे लागले.

तीन आठवड्यांनी लायसन्स आलं. त्याचा फोटो असलेलं छोटं कार्ड. त्याच संध्याकाळी त्याने तक्ता बंद केला. मी दस्त्याचं काढलं, मी वाऱ्याचं काढलं, मी दुर्बिणीच्या काचांचं काढलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "झालं आता," म्हणाला. "जाड नळी, टू-टू-थ्री, सिंथेटिक दस्ता. पापाकुराच्या दुकानात आहे. शनिवारी आणू." इतका निवांत चेहरा मी मार्चपासून पाहिला नव्हता. दोन-तीन आठवडे तो शांत झोपतही होता. घरात सगळं छान चाललं होतं, आणि मला अन्न जात नव्हतं.

शनिवारी मी म्हटलं, मीपण येते. तो म्हणाला, "चल की."

गाडीत तो म्हाताऱ्याच्या भावाच्या शेताबद्दल काहीच बोलला नाही. ससे, वारा, टेकडी, काही नाही. मी मुद्दाम विचारलं, "पुढच्या रविवारी जाणार आहात का शेतावर?" तो म्हणाला, "बघू." पाच महिने ज्याच्यासाठी चालले होते, त्याबद्दल "बघू"! मी खिडकीबाहेर बघत बसले.

दुकान म्हणजे एक लांब काउंटर, मागे भिंतीवर ओळीने रायफली. विकणारा तरतरीत, गप्पिष्ट. त्याने ती खाली काढली, रिकामी आहे हे उघडून दाखवलं आणि नवऱ्याच्या हातात दिली. नवऱ्याने खिशातून कागदाची घडी काढून नळी आणि दस्ता यांच्या मधून सरकवली. कागद अलगद शेवटपर्यंत गेला. दुकानदार खूश होऊन म्हणाला, "यू नो युअर स्टफ, मेट. रॅबिट्स ऑर पेपर टार्गेट्स?"

नवऱ्याने रायफल काउंटरवर ठेवली, हात तिच्यावर तसाच ठेवला. दुसऱ्या हाताने पाकीट काढलं आणि लायसन्सचं कार्ड पुढे केलं.

"घेऊ नकोस," मी म्हटलं.

मराठीत म्हटलं. दुकानदार हसून माझ्याकडे बघत होता, त्याला वाटलं असेल बायको कुरकुरतेय. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इथे, चार परक्या माणसांत, भर काउंटरवर, मी काहीही बोलू शकते. कुणाला एक अक्षर कळणार नाही. कुणासमोर कुणाची लाज जाणार नाही.

"का?" तो म्हणाला. "कुठलं माप चुकलंय?"

"माप गेलं खड्ड्यात! मला भीती वाटते," मी म्हटलं. आवाज चढला होता, दुकानदाराचं हसू जरा ओसरलं. "महिनोन्‌महिने वाटतेय. ही घरी आणशील आणि एक दिवस स्वतःला मारून घेशील. वही लिहून ठेवलीस. भावाला फोन केलास. तुझं मायक्रोमीटर देऊन टाकलंस, अरे, तुझं मायक्रोमीटर! मी आंधळी नाही. त्या बाईला मी खोटं सांगितलं. सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. काही ठीक नाहीये."

तो रायफलीकडे बघत राहिला. मला वाटलं, आता तो चिडेल, नाहीतर तेच "ठीक आहे" म्हणेल. दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे सरकला.

"मलापण," तो म्हणाला.

"काय मलापण?"

"मलापण तीच भीती वाटते." इतक्या हळू म्हणाला की मी पुढे वाकले. "रोज म्हणायचो, आज तूच थांबवशील. तू रोज नवीन शंका काढायचीस, मला बरं वाटायचं. मग त्या बाईने बागेतून आत बोलावलं आणि म्हणाली, युअर वाइफ इज हॅपी. मला वाटलं, चला. हिलाही कळलेलं नाही. म्हणजे झालं."

मी त्याचा हात रायफलीवरून उचलला. उचलला म्हणजे दोन्ही हातांनी धरून ओढला. कार्ड परत पाकिटात घातलं, पाकीट माझ्या पर्समध्ये. दुकानदाराला सॉरी म्हटलं की नाही, आठवत नाही. बाहेर पार्किंगमध्ये ऊन होतं, बायका ट्रॉल्या ढकलत होत्या, एक म्हातारा कुत्र्याला पाणी पाजत होता. आम्ही गाडीत बसलो. तो रडला. मी त्याला लग्नानंतर पंधरा-सोळा वर्षांत पहिल्यांदा रडताना बघितलं. मीही रडले, आणि मध्येच त्याला दोन फटकेही मारले, दंडावर. सांगायचं नाही का गाढवा, म्हटलं. तो म्हणाला, "कुणाला सांगायचं? आपण तर कॉन्ट्रॅक्टवर होतो ना."

लायसन्सच्या कागदांची फाईल मागच्या सीटवर होती. त्याने ती उघडली आणि त्या बाईच्या पत्रावरचा नंबर मला वाचून दाखवला. एकेक आकडा, सावकाश, आणि मी लावल्यावर परत एकदा पहिल्यापासून तपासला. फोन तिसऱ्या रिंगला उचलला गेला. मी माझं नाव सांगितलं. पोहेवाली, म्हटलं, कारण दुसरी काय ओळख सांगायची. मग म्हटलं, त्या दिवशी मी तुम्हाला खरं सांगितलं नाही. माझ्या नवऱ्याची नोकरी मार्चमध्ये गेली. तो खचलाय. मला त्याच्या जिवाची काळजी वाटते. आणि त्यालाही वाटते.

ती म्हणाली, "आत्ता ते कुठे आहेत? तुझ्याजवळ आहेत का?"

मी शेजारी पाहिलं. डोळे पुसत होता, शर्टाच्या बाहीने.

"आहे," मी म्हटलं. "इथेच आहे."